ठिपके यायला बारा दिवस लागतात

मिस हॅरिसन यांचा बंगला,
होसकोटे रस्ता, बेंगळूर
४ ऑगस्ट १९६३

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

तुझी तीन पत्रं माझ्या बिस्किटाच्या डब्यात आहेत. डबा उघडला की ती वर बघतात, मी बिस्कीट घेतो आणि झाकण लावतो. असे अडीच महिने गेले. आधी शाई नव्हती. शाई आणली तर तिच्यात मुंगळा पडला. मग म्हटलं रविवारी निवांत लिहू, तर इथं कुत्र्यांना रविवार नसतो. पण हे सगळं खोटं आहे. खरं कारण तुला ठाऊकच असणार. तिन्ही पत्रांत तू एकच विचारलंस, चामराजपेटेत जाऊन आलास का? नाही गेलो. इथून मार्केटपर्यंत बस आहे, तिथून दहा मिनिटं चालत, सगळं विचारून ठेवलंय. पाय निघत नाही एवढंच. अनोळखी घरात जायचं, "मी नवऱ्या मुलीचा चुलतभाऊ" म्हणायचं, मग ते माझ्या चपलांकडं बघणार. जाईन. रघुजीरावांना बघीन, त्यांच्या आईलाही बघीन, आणि तुला इत्थंभूत कळवीन. वैशाखात साखरपुड्याला आलो नाही, तो राग अजून असेल तर आता सोड.

एकटं वाटतं का म्हणून विचारलं होतंस. नाही. म्हणजे दिवसभर बोलायला कुणी नसतं हे खरं. मिस हॅरिसन इंग्रजीत बोलतात, गंगव्वा स्वयंपाकीण धारवाडकडची, ती अर्धं कानडी अर्धं मराठी बोलते तेही चुलीशी. उरलेली अकरा जणं भुंकतात. पण मला सवय झाली आहे. परवा मी मराठीत मोठ्यानं "अरेच्चा" म्हणालो आणि मलाच दचकायला झालं.

"अरेच्चा" का म्हणालो ते सांगतो. इथली कुत्री ठिपक्यांची. पांढरं अंग आणि त्यावर शाई शिंपडावी तसे काळे ठिपके, डाल्मेशियन म्हणतात. त्यातली डचेस व्यायली. नऊ पिल्लं. मेमसाहेब गावात गेलेल्या, म्हणून मीच टॉवेल घेऊन बसलो होतो. पहिलं निघालं ते पांढरं. दुसरं पांढरं. पाचवं पांढरं आलं तेव्हा मला घाम फुटला. एकाच्याही अंगावर ठिपका नाही! नाक गुलाबी, पायाचे तळवे गुलाबी, जणू धुऊन काढलेली. मला वाटलं मी टॉवेलनं जोरात पुसलं म्हणून गेले ठिपके. हसू नकोस. गंगव्वाला हाका मारल्या, ती पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, "अय्यो तम्मा, पिल्लं हायेत ती, छापील चीट न्हवं, रंग जायाला!" तरी मेमसाहेब येईपर्यंत मी माझी वळकटी बांधून ठेवली होती.

मेमसाहेब आल्या, चष्मा नाकावर ओढून एकेक पिल्लू उलटंपालटं करून बघितलं आणि मला म्हणाल्या, थांब. सगळी पांढरीच जन्मतात. ठिपके यायला बारा दिवस लागतात. मग एकाच्या पाठीवर ओला कापूस फिरवला, तर खालची कातडी दिसली आणि तिच्यात निळसर डाग, पाण्यात खोल दगड दिसावेत तसे. आज आठवा दिवस. मी रोज बघतो. अजून काही नाही.

एक मात्र वेगळं होतं. नववं. त्याच्या डाव्या कानावर आणि डोळ्याभोवती जन्मतःच काळाभोर पट्टा, मखमलीसारखा, कडा कापल्यासारख्या. मला तेच सगळ्यांत देखणं वाटलं. पण पट्ट्याचं पिल्लू ठेवत नाहीत म्हणे. ठिपका वेगळा, पट्टा वेगळा. ते होसकोट्याच्या दूधवाल्याला देऊन टाकलं.

काकांना नमस्कार. अलकीला सांग, तिच्यासाठी रेशमी फीत बघून ठेवली आहे, घेतली नाही अजून.

तुझा
कृष्णात

*

निपाणी
१९ ऑगस्ट १९६३

चि. कृष्णातास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शाळेत आलं ते बरं झालं. घरी आलं असतं तर आप्पांनी मोठ्यानं वाचून घेतलं असतं आणि तू अडीच महिने मुंगळ्यावर ढकललेस हे साऱ्या आळीला कळलं असतं. राग नाही. तू साखरपुड्याला आला नाहीस तेव्हा मी होणाऱ्या सासूबाईंना, सकवारबाईंना, म्हणाले होते, माझा भाऊ तुमच्याच गावात आहे, होसकोटे रस्त्यावर कुत्र्यांच्या मेमसाहेबांकडे, तो येऊन भेटेल. त्या वाट बघत असतील. माझी मान खाली घालू नकोस.

आमच्याकडे नवं एक खूळ आहे. शुद्धलेखनाचे नवे नियम निघालेत, निम्मी टिंबं काढून टाकायची. आपल्याकडे अजून हुकूम नाही, पण हेडमास्तर हौशी. मुलांच्या वह्यांत मी आठ वर्षं टिंबं घालायला लावली, आता तीच लाल शाईनं खोडते आहे. मुलं म्हणतात, बाई, मग आधी मार का दिलात?

त्या पिल्लांचं वाचून चार दिवस तेच डोक्यात आहे. नीट विचारून कळव. जन्मतः पांढरं असतं, मग ठिपका येतो कुठून? आईकडून की बापाकडून? आणि जो डाग जन्मानंतर कितीतरी दिवसांनी वर येतो, तो पुढच्या पिल्लांत उतरतो का? तुझ्या मेमसाहेबांनी पिढ्यान्‌पिढ्या बघितल्या असतील. मुलींना निसर्गपाठात सांगायचं आहे म्हणून विचारते.

लग्न माघात धरलं आहे. त्यानंतर अलकाचं बघायला आप्पा मोकळे. दोन ठिकाणांहून विचारणा आहे, दोन्हीकडची माणसं आधी थोरलीचं कसं होतं ते बघून बोलतील.

इथं उकाडा नाही, तरी मी हल्ली पूर्ण हातांची पोलकी शिवून घेतली आहेत. आई असती तर तिनं विचारलं असतं. चैत्रापासून मला कोड पडलं आहे कृष्णा. कुणालाही सांगितलेलं नाही. तुला लिहिते, कारण तू लांब आहेस.

पट्ट्याचं पिल्लू दूधवाल्याकडे सुखात असेल. मध्ये जाऊन बघून ये.

तुझी
अक्का

*

होसकोटे रस्ता
८ सप्टेंबर १९६३

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

आले! अकराव्या दिवशी नव्हते आणि बाराव्या दिवशी सकाळी तिसऱ्या पिल्लाच्या कानावर पेन्सिल टेकवून काढल्यासारखं एक टिंब. मी गंगव्वाला दाखवलं, ती म्हणाली, माशी हाय. मग पाठीवर, मग मांडीवर. आता तर नाकं काळी झाली, तळवे काळे, आणि रोज उठून बघावं तर रात्रीतून चार नवीन. आठही जणांचे वेगळे. एकाच्या छातीवर सगळी गर्दी आणि मागं मैदान. एकाच्या शेपटीला कडी. मी त्यांची नावं गावांवरून ठेवलीत, ज्याला सगळ्यांत कमी ठिपके तो चिकोडी, जिला सगळ्यांत जास्त ती हुबळी. मेमसाहेब त्यांना इंग्रजी नावं देणार आहेत, पण ती माझ्या हाकेला येतात.

तुझे प्रश्न विचारले. त्यांनी खुर्ची ओढून मला बसायला सांगितलं, असं आजवर केलं नव्हतं. जाडजूड वही काढली, तीत प्रत्येक कुत्र्याचे आईबाप, आजेआजोबा. म्हणाल्या, ठिपका बाहेरून येत नाही. जन्मताना तो आत असतोच, वर पांढरं पांघरलेलं असतं आणि त्यातून वर यायला वेळ लागतो एवढंच. उशिरा दिसलं म्हणून ते रक्तातलं नाही असं समजू नकोस. आईकडूनही येतं, बापाकडूनही. एकदा दोघं काळ्या ठिपक्यांचे असून एक पिल्लू तपकिरी ठिपक्यांचं निघालं, वही काढून बघितली तर दोन्हीकडचे आजोबा तपकिरी. मधल्या पिढीत लपून बसलं होतं आणि मग वर आलं. आणि पट्टा? पट्ट्याची पैदास कधीच करत नाहीत. एकदा केली की पिढ्यान्‌पिढ्या निस्तरावं लागतं, हे त्यांचे शब्द. घे, निसर्गपाठाला एवढं पुष्कळ झालं.

आणि तुझं कोडं! टिंब काढलंस तरी मी ओळखलं. हेडमास्तरांची शिस्त पत्रात पण पाळतेस होय? लहानपणी तू मला रोज संध्याकाळी कोडी घालायचीस, मी एकही न सोडवता ठेवलं नाही. तर घाल तुला पडलेलं कोडं. चैत्रापासून अडलंयस म्हणजे भलतंच अवघड असणार. उलट टपाली सोडवून पाठवतो.

आता मुख्य बातमी. जाऊन आलो चामराजपेटेला! घर जुनं, स्वच्छ. रघुजीराव कारखान्यात गेले होते, भेट नाही. सकवारबाई भेटल्या. उंच, गोऱ्या, नाकावर सोनेरी काडीचा चष्मा. बोलणं कमी. टेबलावरून बोट फिरवून धूळ बघतात. मला उभ्यानंच सगळं विचारलं, किती भाऊ, किती बहिणी, घरात कुणाला काही व्याधी? मी म्हटलं, छे. तर म्हणाल्या, "बरं. आमच्याकडे एका केसाचीही खोट चालत नाही." कडक आहे बाई, पण तू कुठं घाबरतेस कडक माणसांना. चहा दिला.

फीत अजून घेतली नाही. अलकीचा आवडता रंग कोणता?

तुझा
कृष्णात

*

निपाणी
२९ सप्टेंबर १९६३

चि. कृष्णातास आशीर्वाद.

तुझ्या पत्राचा उपयोग झाला. मी दोन आठवडे ते दप्तरात ठेवून फिरले आणि पाच दिवसांपूर्वी आप्पांकडून चामराजपेटेला लिहवून घेतलं, की मुलीला नोकरी सोडायची नाही, सबब हे जमायचं नाही. साखरपुड्याचं लुगडं आणि अंगठी बेंगळूरला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर परत पाठवली. आप्पा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आता फक्त मीठ, पाणी एवढं बोलतात.

कृष्णा, टिंब मी विसरले नव्हते. मी कोडं लिहिलं नव्हतं. कोड लिहिलं होतं.

डाव्या मनगटावर आहे. चैत्रात डाळीएवढं होतं, आता बांगड्यांच्या वर चार बोटं चढलं आहे. गेल्या आठवड्यात पहिलीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, तुमच्या हाताला खडू लागलाय." मी म्हटलं, "हो गं, पुसते." मग तास संपेपर्यंत तो हात पदराखाली धरला. हल्ली तसाच धरायची सवय लागली आहे. भाकरी थापताना तेवढा बाहेर काढते, चुलीशी कुणी नसतं.

तुझ्या मेमसाहेबांनी वही काढून नीट सांगितलं हे बरं केलं. उशिरा दिसलं तरी रक्तातलंच. मधली पिढी सोडून वर येतं. ज्या घरात एका केसाची खोट चालत नाही तिथं मी जायचं आणि मग माझ्या मुलींनी हात पदराखाली धरायचे, हे मला नको. अलकाला नोकरीचं कारण पुरेल. खरं कळलं तर तिच्याकडे कुणी फिरकणार नाही. म्हणून कुणाला काही लिहू नकोस.

तुझ्यावर रागावलेली नाही. तू विचारून सांगितलंस, मी विचारलं होतं. या पत्राला उत्तर नको.

अक्का

*

होसकोटे रस्ता
३ नोव्हेंबर १९६३

अक्का,

उत्तर नको म्हणालीस आणि मी महिनाभर तुझं ऐकलं, कारण ते सोपं होतं. मायना लिहिला नाही. आधी खाली जे आहे ते वाच, मग नमस्कार घ्यायचा की नाही ते ठरव.

मी चामराजपेटेला गेलो नव्हतो. कधीच नाही. त्या सोनेरी काडीच्या चष्म्याच्या बाई, धूळ बघणारं बोट, एका केसाची खोट, यातलं काहीही चामराजपेटेत नाही. ती मिस हॅरिसन आहे. तिला नऊवारी नेसवली आणि तुला पाठवली. पानभर जागा उरली होती, तुला बरं वाटेल असं काहीतरी लिहायचं होतं, आणि समोर व्हरांड्यात ती पिल्लांचे केस तपासत बसली होती. मी बघत गेलो आणि लिहीत गेलो. चहाही मीच टाकला मनानं. "घरात कुणाला व्याधी?" हा प्रश्न पिल्लू घ्यायला आलेल्या एका साहेबानं तिला विचारला होता, पिल्लाच्या आईबद्दल. त्याच्यावरून तू लग्न मोडलंस.

दुसरं. ते पिल्लू दूधवाल्याला दिलं नाही. मेमसाहेबांनी सांगितलं तसं मी बादलीत बुडवलं. कोमट पाणी घेतलं होतं, का घेतलं माहीत नाही. एवढंसं होतं, हाताच्या ओंजळीत मावलं. तू त्याची चौकशी केलीस, आणि मी त्या ओळी वाचताना बोट ठेवून झाकायचो.

आता बघ काय झालं ते. तुझं पत्र आल्यावर मला काही सुचेना, म्हणून मी खुराकाचा डबा हातातून टाकला, म्हणजे आपटलाच फरशीवर. सात पिल्लं दचकून पळाली. चिकोडी, तो सगळ्यांत पांढरा, एकाच डोळ्यात निळं असलेला, तो माझ्याकडं पाठ करून शेपूट हलवत चाटत होता काहीतरी. पुन्हा आपटला. त्याला पत्ता नाही. ठार बहिरा आहे तो, अक्का. माझ्या हाकेला येतात म्हणून मी फुशारकी मारली होती, तो बाकीच्यांच्या मागून यायचा. मेमसाहेबांना सांगितलं, तर त्यांना महिनाभर संशय होताच. म्हणाल्या, फार पांढऱ्या पिल्लांत असं होतं. जिथं रंग पोचत नाही तिथं कानही कधीकधी राहून जातो. पट्ट्याची पिल्लं क्वचितच बहिरी निघतात. मी म्हटलं, "मग ते का मारायला लावलंत?" त्या म्हणाल्या, "प्रदर्शनात पट्टा चालत नाही." बस, एवढंच. त्याच्यात दुसरं काही वाईट नव्हतंच.

मग मी कधी नव्हे ते उलटून बोललो. म्हटलं, तुम्ही सांगितलंत उशिरा दिसलं तरी रक्तातलं, पुढं उतरतं, आणि ते मी माझ्या बहिणीला लिहिलं, तिच्या अंगावर कोड आहे. त्या लालेलाल झाल्या. म्हणाल्या, "मी कुत्र्यांबद्दल बोलत होते, मूर्खा! ठिपका म्हणजे रंग येणं. तुझ्या बहिणीचा रंग जातो आहे. माणसांचं मला काय ठाऊक? आणि कुत्र्यांचंसुद्धा मला एवढंच ठाऊक आहे की ठिपके येतील. कुठं येतील, किती येतील, ते माझ्या वहीत लिहिलेलं नाही. डचेसच्या शेपटीला कडी आहे का, सांग?" नाही अक्का. तिच्या नाही, बापाच्याही नाही. मी रोज आंघोळ घालतो त्यांना, आणि हे मला दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शहरातल्या मोठ्या इस्पितळात गेलो. चिठ्ठी घेऊन दुपारपर्यंत बाकावर. कातडीच्या डॉक्टरांनी विचारलं, "दाखव कुठं आहे." मी म्हटलं, माझ्या अंगावर नाही. "मग कुणाच्या?" बहिणीच्या. "ती कुठं?" निपाणीला. कंपाउंडर हसला. पण डॉक्टरांनी मला घालवलं नाही. म्हणाले, शिवून लागत नाही, एका ताटात जेवून लागत नाही. काही थोड्या घरांत दोघातिघांना असतं, पण बहुतेकांच्या मुलांना होत नाही. मी म्हटलं, होणारच नाही असं लिहून द्या. ते म्हणाले, "तसं कुणीच देऊ शकत नाही. पण होणारच असंही तुला कुणी लिहून देऊ शकत नाही. तिला कुणी दिलं?"

मी दिलं होतं. दोन आण्यांच्या शाईनं.

हे सगळं तीन आठवड्यांपूर्वीचं. तीन आठवडे मी रोज हे पत्र सुरू करतो. मध्ये एकदा वळकटीही बांधली, सुटून जावं कुठंतरी, सेलमकडं लॉऱ्या जातात. गंगव्वानं बघितलं आणि भाकरी बांधून दिली. भाकरी घेऊन रस्त्यापर्यंत गेलो, झाडाखाली बसून खाल्ली आणि परत आलो. मी जिथून निघतो तिथं मागं काय होतं ते मला कधी कळत नाही. यावेळी कळलं आहे, म्हणून जाता येईना.

उद्या मी चामराजपेटेला खराच जाणार आहे. कुणाला काही सांगू नकोस म्हणालीस, ते पाळीन. फक्त दाराशी उभा राहून एवढंच म्हणीन की

अक्का, वरची ओळ तुटली ती तशीच ठेवतो. कुत्री भुंकली आणि गंगव्वा मागच्या दारातून ओरडली, "तम्मा, तुज्याकडं कोणी म्हातारी आलीय, उन्हातनं चालत!" मला वाटलं मेमसाहेबांची कपडे शिवणारी असेल. फाटकात एक बुटकी, सावळी, गोल चेहऱ्याची बाई, हातात कापडी पिशवी, चपला दुसऱ्या हातात. चष्मा नाही. दम लागलेला. म्हणाली, "कृष्णात तूच की? स्वल्प पाणी दे आधी. त्या बसवाल्यानं कुठं उतरवलं मला, दोन मैल चालवलं. मी सकवारबाई. रघुजीची अव्वा."

मी धावत तांब्या आणला. पाणी प्यायल्या, तांब्या माझ्या हातात दिला आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या. खुर्ची दिली तर नको म्हणाल्या. मग म्हणाल्या, "चार महिने मी वाट बघितली रे. सून म्हणाली होती, भाऊ येईल. रोज कोण आलं की बघायची, हाच असेल. गावात असून पोरगा दारात येत नाही म्हटल्यावर मला वाटलं, आमच्याबद्दल काहीतरी ऐकलं असणार यानं. आमची मराठी अशी, अर्धी कानडी. तीनशे वर्षं इथं राहून तुमच्यासारखी कुठून राहणार? पोरगी शिकलेली, मास्तरीण. नको वाटलो आम्ही तिला. लुगडं परत आलं तेव्हा रघुजी म्हणाला, सरी अव्वा, जाऊ दे. तो तसाच आहे, जाऊ दे म्हणतो आणि दोन दिवस जेवत नाही."

मी म्हटलं, तसं नाही. त्या म्हणाल्या, "मग कसं?" मी हातातला तांब्या खाली ठेवला. तुला शब्द दिला होता.

तेव्हा त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "साखरपुड्याला बांगड्या मी भरल्या तिला. मनगट माझ्या हातात होतं. माझे डोळे गेले नाहीत अजून. घरी येऊन रघुजीला सांगितलं, असं असं आहे. तो म्हणाला, दुखतं का तिला? मी म्हटलं, दुखत नसतं ते. तर म्हणाला, मग ठीक. आम्हाला वाटलं, सांगेल ती आपण होऊन, घाई कशाला. त्या डागासाठीच तर नाही म्हणाली नाही ना ती?"

अक्का, मी अजून होय म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. सांगितलं, मी तिलाच पत्र लिहितो आहे, आत्ता, हे बघा. त्यांना वाचता येत नाही. कागद हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि परत दिला. आता त्या पायरीवर बसल्या आहेत, गंगव्वानं चहा दिला आहे, दोघी कानडीत बोलत आहेत. मधूनच माझ्याकडं वळून म्हणतात, "लिही की रे, थांबलास का?" आणि लिहायचं एवढंच सांगतात, "तिला विचार, तिला आमचं घर नको आहे, की स्वतःचा हात नको आहे? पहिलं असेल तर मी उठते. दुसरं असेल तर मी बसते."

त्या अजून बसल्या आहेत.

कृष्णात